ईसीजी कॉम्प्रेस करायचाय? आधी तराजू तपासा

मागे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला बसलो होतो. एका गटाने फळ्यावर मोठ्या अक्षरांत आकडे लिहिले: गुणोत्तर ४०:१, पीआरडी ०.४ टक्के. गुणोत्तर म्हणजे मूळ आकार भागिले कॉम्प्रेस केलेला आकार, आणि पीआरडी म्हणजे कॉम्प्रेस करून परत उलगडलेला सिग्नल मुळापासून किती टक्के ढळला ते. इतके सुंदर आकडे बघितले की मला आधी फाइल उघडावीशी वाटते. उघडली. मूळ आकार म्हणून सीएसव्ही, म्हणजे आकडे अक्षरांत लिहिलेल्या, फाइलचा आकार धरला होता आणि सिग्नलमध्ये मिसळलेले १०२४, म्हणजे शून्य व्होल्टच्या जागचा आकडा, वजा न करताच पीआरडी काढला होता. दोन्ही गोष्टी नीट केल्यावर गुणोत्तर आठच्या खाली आलं आणि पीआरडी दहा टक्क्यांच्या आसपास गेला. मुलांनी लबाडी केली नव्हती. त्यांचा कोडही ठीक होता, फक्त तराजूच खोटा होता.

ही चूक इतक्यांदा दिसते की शेवटी सगळी कृती क्रमाने लिहून काढली. उदाहरण म्हणून एमआयटी-बीआयएच अरिदमिया डेटाबेस, म्हणजे अनियमित ठोक्यांच्या ईसीजी नोंदींचा संग्रह, घेतलाय, कारण बहुतेक जण तोच वापरतात आणि तो फिजिओनेट या वैद्यकीय सिग्नलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

कोड लिहायच्या आधी तीन प्रश्न

१. उलगडलेला ईसीजी कोण बघणार? डॉक्टर निदानासाठी बघणार असतील तर एक गोष्ट, फक्त हृदयगती मोजायची असेल तर वेगळी. गतीच हवी असेल तर आर शिखरांच्या, म्हणजे प्रत्येक ठोक्यातल्या उंच टोकांच्या, वेळा साठवा, सिग्नल साठवायची गरजच नाही. कित्येक प्रकल्प इथेच संपायला हवेत.

२. काम कुठे होणार? छातीवर चिकटवलेल्या पॅचमध्ये बॅटरी आणि मेमरी दोन्ही तोकडी असतात. सर्व्हरवर तो प्रश्न नाही.

३. डेटा खरंच मोठा आहे का? १२ लीड (इलेक्ट्रोडांतून मिळणारे हृदयाचे वेगवेगळे आलेख), १० सेकंद, ५०० हर्ट्झ, १६ बिट असा नेहमीचा ईसीजी १,२०,००० बाइटचा होतो. मोबाइलवरचा साधा फोटोही याहून मोठा असतो. एवढ्यासाठी माहिती गमावणारं, म्हणजे लॉसी, कॉम्प्रेशन करून जोखीम का घ्यायची? याउलट दोन चॅनेलचं २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायच्या यंत्राची नोंद, ३६० हर्ट्झ आणि १२ बिटने साठवलं तर सुमारे ९३ एमबी होतं. तिथेही लॉसलेस, म्हणजे काहीच न गमावणारं, कॉम्प्रेशन पुरतं. लॉसीची खरी गरज पडते ती अनेक दिवस रेडिओवरून डेटा पाठवणाऱ्या छोट्या उपकरणात, कारण तिथे पाठवलेला प्रत्येक बिट बॅटरी खातो.

टप्पा १: नोंद नीट वाचा

या डेटाबेसमध्ये ४८ नोंदी आहेत. प्रत्येक नोंद अर्ध्या तासाहून किंचित मोठी, दोन चॅनेलची आणि ३६० हर्ट्झने घेतलेली. म्हणजे प्रत्येक चॅनेलमध्ये ६,५०,००० सॅम्पल्स, एकेका क्षणी घेतलेली मापं. मोजमाप ११ बिटचं आणि १० मिलिव्होल्टच्या पट्ट्यातलं. २०० एकक म्हणजे १ मिलिव्होल्ट, तेव्हा एक एकक ५ मायक्रोव्होल्टचं. शून्य व्होल्टच्या जागी १०२४ हा आकडा असतो. पुढच्या निम्म्या भानगडी याच १०२४ मुळे होतात, तो लक्षात ठेवा.

फाइल '२१२' नावाच्या पद्धतीने लिहिलेली आहे. दोन सॅम्पल्स तीन बाइटमध्ये बसवलेली असतात. पहिल्या बाइटमध्ये पहिल्या सॅम्पलचे खालचे आठ बिट, तिसऱ्यात दुसऱ्या सॅम्पलचे खालचे आठ बिट. मधला बाइट दोघांत वाटलेला: त्याचे खालचे चार बिट पहिल्या सॅम्पलचे, वरचे चार दुसऱ्याचे.

तपासा: नोंद १०० च्या फाइलचा आकार बरोबर १९,५०,००० बाइट हवा. पहिले तीन बाइट २२७, ५१ आणि २४३. त्यातून पहिल्या चॅनेलचं सॅम्पल ९९५ आणि दुसऱ्याचं १०११ निघायला हवं. मिलिव्होल्टमध्ये ते -०.१४५ आणि -०.०६५ होतात. हे चार आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डब्ल्यूएफडीबी, म्हणजे अशा नोंदी वाचायच्या सॉफ्टवेअरची, पायथन लायब्ररी वापरत असाल तर ती आपणहून मिलिव्होल्टमधले दशांश आकडे देते. कॉम्प्रेशनसाठी ते नकोत, मूळ पूर्णांक मागून घ्या. एका दशांश आकड्याला ६४ बिट लागतात. त्यांच्याशी तुलना केली तर काहीच न करता जवळपास सहापट 'कॉम्प्रेशन' पदरात पडतं.

सावधान: पूर्णांक घेताना ते चिन्हासकट, म्हणजे ऋण आकडे चालणाऱ्या प्रकारात घ्या. चिन्हाविना १६ बिटच्या प्रकारात ९९५ मधून १०११ वजा केले तर उत्तर -१६ येत नाही, ६५,५२० येतं. सॅम्पल्समधले फरक लिहिणारा पुढचा फरक-कोडर मग वेड्यासारखा फुगतो आणि माणूस दोन दिवस हफमन या कोडिंग पद्धतीच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

आणखी एक: पहिलं चॅनेल नेहमी एकाच लीडचं असतं असं धरू नका. नोंद ११४ मध्ये लीडचा क्रम उलटा आहे, १०२ आणि १०४ मध्ये तर नेहमीचं सुधारित दुसरं लीड नाहीच. हेडरमधलं, म्हणजे नोंदीबरोबर येणाऱ्या माहितीतलं, नाव वाचूनच चॅनेल निवडा.

कॅगल या डेटा-संचांच्या संकेतस्थळावर याच डेटाबेसमधून काढलेला एक संच मिळतो: प्रत्येक ठोका कापून १२५ हर्ट्झवर आणलेला, ० ते १ मध्ये बसवलेला, मागे शून्यं जोडून १८७ सॅम्पल्स केलेला. ठोक्यांचं वर्गीकरण शिकायला तो ठीक. कॉम्प्रेशनसाठी मात्र अजिबात घेऊ नका. ठोक्याची खरी उंची त्यात राहिलेली नाही आणि मागची शून्यं कुठलाही कोडर फुकटात गिळतो. ऑटोएन्कोडरवाल्यांचे, म्हणजे न्यूरल नेटवर्कने आवळून उलगडणाऱ्यांचे, डोळे दिपवणारे निम्मे आकडे या शून्यांचेच असतात.

टप्पा २: तराजू लावा

हा टप्पा सगळे शेवटी करतात. तो इथे, कोडिंगच्या आधी करा. आकडे हातात आल्यावर मोजमापाची पद्धत निवडायला बसलं की माणूस नकळत स्वतःच्या सोयीची पद्धत निवडतो.

गुणोत्तर. मूळ आकार म्हणजे सॅम्पल्सची संख्या गुणिले ११ बिट. फाइलमध्ये एक सॅम्पल १२ बिट जागा घेतं म्हणून कुणी १२ धरतो, मेमरीत १६ लागतात म्हणून कुणी १६ धरतो. १६ धरले की गुणोत्तर बसल्याजागी १.४५ पटीने वाढतं. सीएसव्हीचं तर विचारूच नका. एका ओळीत दोन आकडे, स्वल्पविराम आणि ओळीचा शेवट मिळून साधारण १४ बाइट होतात. ६,५०,००० ओळींचे ९१ लाख बाइट. तीच नोंद मूळ रूपात साडेएकोणीस लाखांत बसते. म्हणजे सीएसव्हीवरून नुसतं मूळ रूपात परत गेलं तरी ४.७ चं गुणोत्तर मिळतं!

कॉम्प्रेस्ड बाजूला सगळं मोजा: ब्लॉकचे हेडर, कोडिंगचे तक्ते, वजा केलेली सरासरी, कुठले गुणांक (सिग्नलचं गणिती रूपांतर करून निघालेले आकडे) ठेवले त्याचा नकाशा. 'हजार गुणांकांपैकी शंभर ठेवले म्हणून १०:१' हे गणित खोटं आहे. ते शंभर कुठे बसवायचे, हे सांगायलाही बिट लागतात. अहवालात गुणोत्तराबरोबर 'सॅम्पलमागे किती बिट' हा आकडा द्या. त्यात लपवाछपवीला जागा कमी.

पीआरडी. मूळ आणि उलगडलेल्या सिग्नलमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज करायची, तिला मूळ सिग्नलच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं, वर्गमूळ काढून शंभराने गुणायचं. सूत्र सरळ आहे, घोटाळा भाजकात आहे. समजा सिग्नलचं सरासरीपासूनचं प्रमाण विचलन ४० एकक आणि उलगडताना आलेल्या चुकीचं वर्गमध्यमूळ, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, ४ एकक. सरासरी वजा करून काढलं तर पीआरडी १० टक्के. १०२४ तसेच ठेवले तर भाजकात ४० ऐवजी जवळजवळ १०२५ येतात आणि तोच पीआरडी ०.३९ टक्के दिसतो. सिग्नल तोच, बिघाड तोच, आकडा पंचवीस पटीने देखणा.

नुसते १०२४ वजा करूनही थांबू नका, त्या चॅनेलची खरी सरासरी वजा करा. त्यानंतरही एक फट उरते. श्वासाबरोबर बेसलाइन, म्हणजे ठोक्यांमधली पायाची रेषा, वरखाली झुलत असेल, तर तो झोकाही भाजकात मिसळतो आणि पीआरडी पुन्हा गोड दिसू लागतो. म्हणून पीआरडीच्या शेजारी चुकीचं वर्गमध्यमूळ आणि सगळ्यात मोठी एकेरी चूक, दोन्ही मायक्रोव्होल्टमध्ये लिहा. डॉक्टर कागदावर मिलिमीटर मोजतात, टक्के मोजत नाहीत. नेहमीच्या कागदावर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर. प्रत्येक ठोक्यात आधी छोटी पी लहर, मग टोकदार क्यूआरएस आणि शेवटी टी लहर येते; क्यूआरएस आणि टी यांच्या मधला तो एसटी भाग. तो एक मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट, वर गेला की डॉक्टर सावध होतात. तुमची चूकच ५०-६० मायक्रोव्होल्टची असेल, तर पीआरडी कितीही छान असो, ती नोंद निदानाला देऊ नये. मी स्वतः एसटी भागात २५ मायक्रोव्होल्टच्या, म्हणजे पाच एककांच्या, वर जाऊ देत नाही.

टप्पा ३: सिग्नल पुसा, पण घासू नका

गाळणी, म्हणजे फिल्टर, लावला की सिग्नल गुळगुळीत होतो आणि जास्त कॉम्प्रेस होतो. मोह इथेच होतो. एखादा आधी ४० हर्ट्झच्या वरचं सगळं कापतो, मग कॉम्प्रेस करतो आणि शेवटी तुलना करतो ती गाळलेल्या सिग्नलशी. गाळणीत जे गेलं त्याचा हिशेब कुठेच राहत नाही. प्रौढांच्या निदानासाठीचा ईसीजी १५० हर्ट्झपर्यंत जपावा, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची शिफारस आहे. खालच्या बाजूला कठोर गाळणी लावली की एसटी भाग वाकडा होतो, तो धोका वेगळाच.

गाळायचंच असेल तर दोन्ही तुलना द्या, गाळलेल्याशी आणि अगदी मूळ नोंदीशी.

सावधान: एमआयटी-बीआयएचच्या नोंदी बॉस्टनमधल्या आहेत. तिथल्या विजेचा गुणगुणाट ६० हर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५० वर. आपल्या उपकरणासाठी लिहिलेली ५० हर्ट्झची गाळणी या नोंदींवर चालवली तर गुणगुणाट तसाच राहतो आणि ५० हर्ट्झचा चांगला भाग उगाच जातो.

इलेक्ट्रोड सुटल्यामुळे आलेली सपाट रेषा किंवा टोकाला चिकटलेला सिग्नल कापून टाकू नका, शून्याने भरूही नका. त्या वेळा वेगळ्या नोंदवा आणि आकडे तसेच कोड करा. सपाट रेषेला बिट नगण्य लागतात. कापलीत तर मात्र पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि ठोक्यांच्या खुणा भलत्याच जागी पडतात. मोजमाप देताना हे भाग वगळा, नाहीतर गुणोत्तर फुगेल.

टप्पा ४: आधी लॉसलेस करून बघा

लॉसी करणाऱ्यांनीही हा टप्पा टाळू नये. तुमची लॉसी पद्धत याच्यापेक्षा किती पुढे गेली, हाच खरा प्रश्न असतो. क्रम असा:

१. सिग्नल १२८ सॅम्पल्सच्या ब्लॉकमध्ये कापा.

२. प्रत्येक ब्लॉकसाठी तीन अंदाज करून बघा: अंदाजच नाही, 'मागचं सॅम्पल तेच पुढचं', आणि 'मागच्याची दुप्पट वजा त्याच्या मागचं', म्हणजे सरळ रेषा पुढे ओढणं. ज्यात उरलेल्या फरकांची निरपेक्ष बेरीज सगळ्यात कमी, तो घ्या आणि दोन बिटमध्ये त्याचा क्रमांक लिहा.

३. फरकांना धन पूर्णांकांत गुंफा: ० चा ०, -१ चा १, १ चा २, -२ चा ३, २ चा ४.

४. राइस कोडिंग करा. ब्लॉकसाठी एक आकडा 'के' ठरवा आणि प्रत्येक फरकाला दोनच्या 'के'व्या घाताने भागा. भागाकाराएवढे एक लिहा, मग शून्य, मग बाकी 'के' बिटमध्ये. उदाहरणार्थ के २ आणि आकडा १३: चाराने भागून भागाकार ३, बाकी १. कोड झाला १११० ०१, एकूण सहा बिट.

दुसऱ्या पायरीत तिन्ही का तपासायचे? सरळ रेषेचा अंदाज हुशार वाटतो, पण तो गोंगाट वाढवतो. सॅम्पलागणिक स्वतंत्र गोंगाट असेल तर साध्या फरकात त्याचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, दुप्पट होतो, रेषेच्या अंदाजात सहापट. क्यूआरएसच्या चढावर रेषा जिंकते, थरथरत्या बेसलाइनवर हरते. सबंध नोंदीला एकच अंदाज लावणारे इथे फुकट बिट घालवतात.

सावधान: पेसमेकरचा ठोका. नोंद १०२, १०४, १०७ आणि २१७ मध्ये पेसमेकर आहे. एखादा फरक ६०० आला तर गुंफून तो १२०० होतो. के २ असेल तर त्या एका सॅम्पलला तीनशेहून जास्त बिट लागतील. त्यासाठी पळवाट ठेवा: भागाकार १५ च्या वर गेला की पंधरा एकांनंतर सोळावाही एकच लिहायचा आणि मूळ सॅम्पल जसंच्या तसं १२ बिटमध्ये टाकायचं. ही पळवाट नसलेला कोडर नोंद १०० वर झकास चालतो आणि परीक्षकाने १०७ मागितली की गुडघे टेकतो.

प्रत्येक ब्लॉकचं पहिलं सॅम्पल पूर्ण लिहा आणि ब्लॉकशेवटी सीआरसी, म्हणजे बिट बिघडले का ते सांगणारा पडताळा-आकडा, जोडा. रेडिओवरून एखादं पाकीट हरवलं तर नुकसान त्या ब्लॉकपुरतं राहतं. अखंड फरकांच्या साखळीत एक कडी तुटली की पुढचा सगळा सिग्नल उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखा सरकतो. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये काही वाढवून न मागता एका सूचनेत, म्हणजे एका पाकिटात, २० बाइट जातात, म्हणजे १६० बिट. पॅचसाठी लिहीत असाल तर ब्लॉकची लांबी पाकिटाकडे बघून ठरवा.

तपासा: उलगडलेली नोंद मुळाशी सॅम्पल-सॅम्पल जुळलीच पाहिजे. सहा लाखांत एकही फरक चालणार नाही. 'जवळपास लॉसलेस' ही लॉसीच असते.

११ बिटच्या पायावर या पद्धतीने गुणोत्तर साधारण दोन ते तीनच्या दरम्यान येतं. दहा आलं तर आनंदून जाऊ नका, टप्पा २ परत वाचा. स्वतः कोडर लिहायचा नसेल तर फ्लॅक वापरा. आवाजासाठी बनलेला असला तरी आतून तोही अंदाज आणि राइस कोडिंगच करतो, आणि डब्ल्यूएफडीबीच्या नव्या आवृत्त्या त्या रूपातल्या नोंदी वाचतात.

टप्पा ५: गरज असेल तरच लॉसी

इथे वेव्हलेटची, म्हणजे सिग्नल वारंवारतेच्या पट्ट्यांत फोडणाऱ्या रूपांतराची, एक साधी पद्धत देतो. १०२४ सॅम्पल्सचा ब्लॉक, म्हणजे २.८४ सेकंद. बायऑर्थोगोनल ४.४ वेव्हलेट, पाच पातळ्या. ३६० हर्ट्झला पट्टे असे पडतात: पहिली पातळी ९० ते १८० हर्ट्झ, दुसरी ४५ ते ९०, तिसरी २२.५ ते ४५, चौथी ११.२५ ते २२.५, पाचवी ५.६ ते ११.२५ आणि तळाशी उरलेला ५.६ पर्यंतचा अंदाज. क्यूआरएसचं बरंचसं बळ तिसऱ्या ते पाचव्या पातळीत असतं. पी आणि टी लहरी मुख्यतः पाचव्या पातळीत आणि तळात. पेसमेकरची टोकं वरच्या दोन पातळ्यांत.

१. आधी ब्लॉकची कडा सांभाळा. गुणांकांची संख्या वाढू नये म्हणून ब्लॉकचं शेवटचं टोक पहिल्याला जोडून चक्राकार पद्धत वापरतात. बेसलाइन झुकलेली असेल तर त्या जोडावर पायरी तयार होते आणि उलगडल्यावर दर २.८४ सेकंदांनी एक बारीक खोटी लहर दिसते. उपाय सोपा आहे: पहिल्या आणि शेवटच्या सॅम्पलमधून जाणारी रेषा वजा करा आणि ती दोन सॅम्पल्स हेडरमध्ये पाठवा.

२. मग वेव्हलेट रूपांतर.

३. मग क्वांटायझेशन, म्हणजे प्रत्येक गुणांक ठरावीक पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर आणणं. तळातल्या ३२ गुणांकांना बारीक पायरी द्या, त्यांतला एकही शून्य करू नका. बाकीच्यांना एकच पायरी, शून्याभोवती थोडा रुंद पट्टा.

४. शेवटी शून्यांच्या रांगा आणि उरलेले आकडे वेगवेगळे कोड करा.

पायरी किती? समान पायरीच्या क्वांटायझेशनमध्ये चुकीचं वर्गमध्यमूळ म्हणजे पायरी भागिले १२ चं वर्गमूळ. दोन एकक, म्हणजे १० मायक्रोव्होल्ट, चूक हवी असेल तर पायरी सुमारे ७. हा सुरुवातीचा आकडा. शून्य झालेल्या गुणांकांमुळे खरी चूक थोडी हलते, तेव्हा उलगडून बघा आणि दर ब्लॉकला पायरी कमीजास्त करा. लक्ष्य मायक्रोव्होल्टमध्येच ठेवा. ब्लॉकगणिक पीआरडी सारखा ठेवायला गेलात, तर ज्या ब्लॉकमध्ये एखादा अवाढव्य वेंट्रिक्युलर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटलेला, ठोका आहे तिथे जास्त चूक खपवून घेतली जाते. आणि नेमका तोच ब्लॉक डॉक्टरांना बघायचा असतो.

सावधान: '९९ टक्के ऊर्जा राहील एवढे गुणांक ठेवले' हे वाक्य अहवालात दिसलं की मी पी लहर शोधायला लागतो. आर शिखर १ मिलिव्होल्टचं आणि पी लहर ०.१ ची धरा. उंची एक दशांश, म्हणजे ऊर्जा साधारण एक शतांश. पी लहर पूर्ण पुसली गेली तरी ९९ टक्के ऊर्जा राहू शकते. मग डॉक्टरांपुढे जातो तो पी नसलेला ईसीजी, आणि पी नसणं ही एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या अनियमित लयीची खूण आहे.

दर दोन सॅम्पल्समधलं एक टाकून देणाऱ्या टर्निंग पॉइंटसारख्या जुन्या पद्धती अजून अभ्यासक्रमात आहेत. हाताने समजून घ्यायला चांगल्या. पण नेमकं कुठलं सॅम्पल राहिलं हे त्या साठवत नाहीत, त्यामुळे शिखराची वेळ एका सॅम्पलने हलू शकते. प्रत्यक्ष वापरात त्या नकोत.

टप्पा ६: डीकोडर दुसऱ्याने लिहावा

एन्कोडर आणि डीकोडर एकाच फाइलमध्ये, एकाच वेळी लिहिले की ब्लॉकची लांबी किंवा वजा केलेली सरासरी गुपचूप मेमरीतूनच पोचते, कॉम्प्रेस्ड फाइलमध्ये ती कधी लिहिलेलीच नसते. त्यामुळे गटातल्या दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला फक्त फाइलच्या रचनेचा कागद द्या आणि डीकोडर लिहायला सांगा. तो दुसऱ्या संगणकावर चालवा. पहिल्या फेरीत तो चालला असं मी अजून पाहिलेलं नाही.

टप्पा ७: उलगडलेला सिग्नल तपासा

नोंदींची निवड आधी. नोंद १०० आणि ११७ स्वच्छ आहेत, म्हणूनच शोधनिबंधांत लोकप्रिय आहेत. त्यांच्याबरोबर निदान ११९ घ्या, त्यात वेंट्रिक्युलर ठोके भरपूर आहेत, १०७ पेसमेकरसाठी, २०७ वेंट्रिक्युलर फ्लटरसाठी, १०५ आणि २०३ गोंगाटासाठी. खरं तर ४८ ही नोंदी चालवा, वेळ फारसा लागत नाही. आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट नोंदही छापा.

मॉडेल शिकवत असाल तर शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी माणसागणिक वेगळ्या ठेवा. नोंदी ४८ असल्या तरी माणसं ४७ आहेत: २०१ आणि २०२ एकाच व्यक्तीच्या. एक शिकवायला आणि दुसरी तपासायला घेतली की उत्तरपत्रिका आधीच फुटली.

त्यानंतर या तीन तपासण्या, याच क्रमाने:

१. मूळ आणि उलगडलेल्या, दोन्ही सिग्नलवर एकच क्यूआरएस शोधक चालवा आणि शिखरं जुळवा. ठोका सापडला की नाही हे ठरवायला १५० मिलिसेकंदांची सूट देण्याची प्रथा आहे. इथे ती सूट देऊ नका, ती शोधक तपासण्यासाठी आहे. ३६० हर्ट्झला एक सॅम्पल २.७८ मिलिसेकंदांचं असतं. शिखर एका सॅम्पलपेक्षा जास्त हललं तर हृदयगतीच्या चढउतारांचे आकडे बिघडू लागतात.

२. पी, एसटी आणि टी या भागांत वेगवेगळी चूक मोजा. सबंध नोंदीची एकच चूक या तिघांना क्यूआरएसच्या आड लपवते.

३. छापा आणि डोळ्यांनी बघा. सेकंदाला २५ मिलिमीटर, मिलिव्होल्टला १० मिलिमीटर, लाल चौकटींच्या कागदावर. स्क्रीनवर आपणहून ताणून बसवलेला आलेख चालणार नाही, त्यात सगळंच छान दिसतं. शक्य झालं तर हृदयरोगतज्ज्ञांना दोन पट्ट्या द्या, मूळ कोणती ते न सांगता. 'काही फरक दिसतो का' असं विचारू नका. दोन्हींचं स्वतंत्र निदान लिहून घ्या आणि मग जुळवा.

१२ लीडचा ईसीजी असेल तर

सगळ्यात स्वस्त कॉम्प्रेशन इथे आहे आणि तेच विसरलं जातं. हातापायांच्या सहा लीडपैकी स्वतंत्र फक्त दोन असतात. तिसरं लीड म्हणजे दुसरं वजा पहिलं. एव्हीआर म्हणजे पहिल्या दोघांच्या बेरजेचं अर्ध, उलट चिन्हाने. एव्हीएल म्हणजे पहिलं वजा दुसऱ्याचं अर्ध, आणि एव्हीएफ म्हणजे दुसरं वजा पहिल्याचं अर्ध. तेव्हा १२ ऐवजी आठच साठवा: एक तृतीयांश डेटा गेला, माहिती तेवढीच.

तपासा: अर्ध करताना पूर्णांकात एखाद्या एककाची तफावत पडते. लॉसलेस हवं असेल तर मोजलेलं लीड वजा काढलेलं लीड असा उरलेला फरकही कोड करा, त्याला बिट फार लागत नाहीत. हा फरक एक-दोन एककांच्या वर जात असेल तर उपकरणाने प्रत्येक लीडवर वेगळी गाळणी चालवली असण्याची शक्यता आहे. अशा नोंदीला ही युक्ती लावू नका.

इतर सिग्नलसाठी काय बदलतं

बोटावरच्या ऑक्सिमीटरची पीपीजी लहर गुळगुळीत असते, टप्पा ४ वरच भागतं. मेंदूच्या ईईजीत कुठला बारीक काटा महत्त्वाचा ठरेल ते आधी कळत नाही, म्हणून लॉसलेसच ठेवा. शेजारच्या इलेक्ट्रोडवरून अंदाज केला तर थोडी भर पडते. स्नायूंचा ईएमजी जवळजवळ गोंगाटासारखाच. त्यातून मोठं गुणोत्तर निघालं तर सिग्नलच गेला असं समजा.

साठवताना आणि पाठवताना

आधी कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट. उलट केलं तर एन्क्रिप्ट केलेल्या बिटमध्ये कॉम्प्रेस करण्यासारखं काही उरत नाही. हेडरमधून रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक काढा. डेटा आवळण्याच्या नादात हेडर तसंच पुढे जातं. सॅम्पलिंगचा दर, एककांचा हिशेब, शून्याची जागा आणि लीडची नावं मात्र त्याच हेडरमध्ये राहिलीच पाहिजेत. लॉसी असेल तर तसं स्पष्ट लिहा, किती मायक्रोव्होल्टपर्यंत चूक मान्य केली त्यासह. नाहीतर पुढचा कुणी उलगडलेली फाइल मूळ समजून परत कॉम्प्रेस करेल आणि चुकीवर चूक चढेल.

मूळ नोंद पुसायची वेळ आलीच, तर आधी साठवलेल्या जागेवरून फाइल परत वाचा, उलगडा, सीआरसी जुळवा, मग पुसा. डीकोडरचा कोड आणि रचनेचा तो कागद त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कोड लिहिणारी मुलं जूनमध्ये पास होऊन निघून जातात.